केंद्राला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कुणाचा?

ऑक्टोबर २०२५ मधला एक रविवार. विहारात आमचा अभ्यासवर्ग सुरू होता. आमच्याच वर्गात वाढलेला एक जुना सहकारी आता अमेरिकेत नोकरी करतो, त्याचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता तो म्हणाला, “इकडे टेक्सासचे नॅशनल गार्डचे जवान इलिनॉयमध्ये आलेत. इलिनॉयचा गव्हर्नर नको म्हणतोय, तरी आलेत. आणि दीड वर्षापूर्वी जे राज्यांच्या हक्कांसाठी गळा काढत होते, तेच आज टाळ्या वाजवतायत.”

वर्गातल्या एका पोराने विचारलं, “मग दादा, आपण कुणाच्या बाजूने?”

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “इलिनॉयच्या. राज्याने नको म्हटल्यावर केंद्राने सैनिक घुसवायचे म्हणजे दादागिरी झाली.”

पोरगं गप्प बसणारं नव्हतं. “मग एप्रिलमध्ये जयंतीच्या व्याख्यानमालेत तुम्ही लिटल रॉकची गोष्ट सांगितली होती. तिथेही गव्हर्नर नको म्हणत होता आणि राष्ट्राध्यक्षाने सैनिक पाठवले. तेव्हा तर आपण टाळ्या वाजवल्या.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कॉल संपला, वर्ग संपला, सतरंज्या गोळा झाल्या, पण प्रश्न तिथेच राहिला. मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. अमेरिकेतल्या दोन पक्षांना हसण्यासाठी तो लिहिलेला नाही. हसायचंच असेल, तर सुरुवात आमच्यापासून करावी लागेल.

आधी तिकडचा प्रकार नीट समजून घेऊ. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. नॅशनल गार्ड एरवी त्याच्या हुकमात असतो, पण ठरावीक परिस्थितीत राष्ट्राध्यक्ष तो आपल्या ताब्यात घेऊ शकतो. हा अधिकार कधी वापरायचा, यावरच सगळं भांडण आहे.

जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्ष होते डेमोक्रॅट बायडेन. टेक्सासचे रिपब्लिकन गव्हर्नर अ‍ॅबट यांनी मेक्सिकोच्या सीमेवर रिओ ग्रांदे नदीकाठी धारदार तारेची कुंपणं घातली होती. ईगल पास गावातलं एक उद्यान ताब्यात घेऊन केंद्राच्या सीमा दलाला तिथे मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, केंद्राचे कर्मचारी ती तार कापू शकतात. तरीही अ‍ॅबट मागे हटले नाहीत. राज्याला स्वसंरक्षणाचा घटनात्मक हक्क आहे, असं ते म्हणाले, आणि पंचवीस रिपब्लिकन गव्हर्नर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या वेळी डेमोक्रॅट सांगत होते की सीमा हा वॉशिंग्टनचा विषय आहे, राज्याने त्यात लुडबुड करू नये.

वर्षभरात सत्ता पालटली. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरचा विरोध डावलून तिथला गार्ड ताब्यात घेतला आणि लॉस एंजलिसमध्ये उतरवला. गव्हर्नरने मागणी केलेली नसताना असं याआधी १९६५ मध्ये घडलं होतं. आता डेमोक्रॅट राज्यांच्या स्वायत्ततेवर बोलू लागले आणि रिपब्लिकन केंद्राच्या सर्वोच्चतेवर. ऑक्टोबरमध्ये त्याच अ‍ॅबट यांनी आपल्या राज्याचा गार्ड दुसऱ्या राज्यात, तिथल्या गव्हर्नरच्या मर्जीविरुद्ध पाठवायला संमती दिली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

ही पलटी आजची नाही. १९९७ सालचा एक खटला बघा. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक शेरिफने तपासावी, असा केंद्राचा कायदा होता. माँटाना आणि अ‍ॅरिझोनातले दोन शेरिफ न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केंद्र आपला कायदा राबवायला राज्याच्या कर्मचाऱ्यांना वेठीला धरू शकत नाही. उजव्या मंडळींनी जल्लोष केला. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, कॅलिफोर्नियाने कायदा केला की स्थलांतरितांची धरपकड करण्यात राज्याचे पोलीस केंद्राला मदत करणार नाहीत. ट्रम्प सरकारने खटला भरला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मदतीला आला तो हाच शेरिफांचा विजय. बंदूकवाल्यांनी बांधलेल्या भिंतीच्या आडोशाला स्थलांतरित उभे राहिले.

इथवर वाचून कुणी म्हणेल, सगळे सारखेच, सगळे संधिसाधू. आम्हालाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण जुना इतिहास वाचला की कळतं, पलटी सारखी दिसली तरी तिच्यामागचा माणूस सारखा नसतो.

१८३२ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याने केंद्राचा जकातीचा कायदा आमच्या राज्यात रद्दबातल आहे, असं जाहीर केलं. राज्यांच्या हक्काचा झेंडा घेतलेले हे लोक गुलामांचे मालक होते. पण १८५० साली पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा केंद्राने केला, तेव्हा याच मालकांना केंद्राचा लांब हात एकदम आवडू लागला. उत्तरेतली राज्यं तो कायदा राबवायला तयार नव्हती. त्यांनी आपले तुरुंग द्यायला, आपले अधिकारी द्यायला नकार दिला. त्यावर दक्षिणेचा थयथयाट सुरू झाला. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटली तेव्हा तिने जे कारणपत्र काढलं, त्यातली एक मोठी तक्रार हीच होती की उत्तरेतली राज्यं केंद्राचा कायदा पाळत नाहीत! पुढे फुटीर राज्यांनी स्वतःची घटना लिहिली आणि गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला आपल्याच काँग्रेसला बंदी घातली. म्हणजे प्रश्न राज्याचा कधीच नव्हता, केंद्राचाही नव्हता. प्रश्न गुलामाच्या गळ्यातल्या साखळीचा होता. साखळी जिकडे घट्ट बसेल तिकडे मालकांची निष्ठा.

आता दुसरी बाजू. जोशुआ ग्लोव्हर नावाचा माणूस मिसुरीतल्या मालकाकडून पळून विस्कॉन्सिनमध्ये आला होता आणि रसीन गावाजवळ काम करून राहत होता. मार्च १८५४ मध्ये त्याला मारहाण करून पकडलं आणि मिल्वॉकीच्या तुरुंगात टाकलं. बातमी पसरली, हजारोंचा जमाव जमला आणि त्याने तुरुंगाचं दार फोडून ग्लोव्हरला बाहेर काढलं. पुढे तो कॅनडात पोचला. लोकांना चिथावल्याबद्दल शेरमन बूथ या संपादकाला अटक झाली. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर केंद्राचा तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॅनी होते. काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, हा १८५७ चा कुप्रसिद्ध निकालही त्यांचाच.

विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने त्याविरुद्ध ठराव केला आणि त्यासाठी शब्द उसने घेतले ते १७९८ च्या केंटकी ठरावाचे. तो ठराव लिहिणारा जेफरसन स्वतः गुलामांचा मालक. शस्त्र तेच, हात वेगळे, आणि ज्याच्यासाठी ते उचललं तो माणूसही वेगळा.

मग मिल्वॉकीच्या जमावात आम्ही असतो का? खरं सांगायचं तर, असतो. आणि लिटल रॉकमध्ये गव्हर्नरच्या बाजूने असतो का? कधीच नाही. पण का? ‘तिकडे आपले लोक होते’ एवढंच उत्तर असेल, तर आमच्यात आणि त्या पक्षवाल्यांमध्ये फरक काय?

या जागी आम्हाला बाबासाहेबांकडे जावं लागलं. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, अमेरिकेचं संघराज्य त्यांनी जवळून पाहिलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेशी तुलना केली. तिथे संघराज्याचं एक आणि राज्याचं एक असं दुहेरी नागरिकत्व, आपल्याकडे एकच. त्याच भाषणात त्यांनी गावगाड्याच्या उदात्तीकरणावर कोरडे ओढले. त्याआधी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली होती. स्थानिक सत्ता म्हणजे आपोआप लोकांची सत्ता, या भ्रमात ते कधी नव्हते. गावाची सत्ता म्हणजे गावातल्या बळकटाची सत्ता, हे महारवाड्यातून आलेल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पण म्हणून केंद्र म्हणजे देव, असंही त्यांनी मानलं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग आता सोडा, असं सांगितलं. हे वाक्य सगळेच आपल्याला ऐकवतात. त्याच्या लगतचा विचार मात्र गाळतात. जेव्हा घटनात्मक मार्गच उपलब्ध नव्हते तेव्हा त्या मार्गांना बरंच समर्थन होतं, पण आता ते मार्ग खुले आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. याचा अर्थ, आज्ञा मोडायची की नाही हे आज्ञा कुणाची आहे यावरून ठरत नाही. ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्यासाठी दार उघडं आहे का, यावरून ठरतं.

ही कसोटी मिल्वॉकीला लावा. १८५० च्या कायद्यात पकडलेल्या माणसाला ज्युरी नव्हती, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नव्हती. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला गुलाम परत पाठवला तर दहा डॉलर आणि सोडला तर पाच डॉलर मिळत. ग्लोव्हरसाठी कायद्याचं एकही दार उघडं नव्हतं. म्हणून जमावाने तुरुंगाचं दार फोडलं.

आता लिटल रॉक. १९५४ च्या निकालाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्याविरुद्ध दक्षिणेतल्या शंभरावर खासदारांनी १९५६ मध्ये जाहीरनामा काढला. सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ काळी मुलं सेंट्रल हायस्कूलच्या दाराशी आली, तेव्हा गव्हर्नर फॉबस यांनी गार्ड लावून त्यांना अडवलं. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच चालत आली होती, मागे शिव्या देणारा जमाव. या मुलांनी कुठलाही कायदा मोडला नव्हता. त्यांच्या हातात न्यायालयाचा आदेश होता. कायद्याने उघडलेलं दार गव्हर्नर बंद करत होता. आयसेनहॉवर यांनी लष्कराची १०१ वी तुकडी पाठवली ती ते दार उघडं ठेवायला. पुढच्या वर्षी फॉबस यांनी हायस्कूलंच बंद करून टाकली. गोऱ्या पोरांचंही नुकसान झालं तरी चालेल, पण काळं पोरगं बाकावर शेजारी बसता कामा नये!

हे वाचताना महाड आठवलं नाही असा आपल्यातला कोण असेल? १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. दार कागदावर उघडलं होतं, गाव ते उघडू देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते कायदा मोडायला गेले नव्हते, असलेला कायदा वापरायला गेले होते. वरच्या सत्तेचा आदेश मोडणारे होते ते दगड घेऊन आलेले गावकरी. आणि त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले असताना दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला. लोक तुरुंगात जायला तयार होते. तरी ते म्हणाले, दावा लढू. निकाल उच्च न्यायालयातून १९३७ मध्ये आपल्या बाजूने लागला. दहा वर्षं थांबले, कारण न्यायालयाचं दार अजून बंद झालेलं नव्हतं.

आता आरसा आमच्याकडे वळवतो.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला हल्ला झाला. त्या वर्षी जूनपासून पुणे पोलिसांनी कार्यकर्त्यांना आणि विचारवंतांना अटका सुरू केल्या. तेव्हा आम्ही रस्त्यावर म्हणत होतो, राज्याच्या पोलिसांवर आमचा विश्वास नाही, तपास त्यांच्याकडून काढून घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात सरकार बदललं. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तो तपास राज्याकडून काढून एनआयएकडे दिला. आणि आम्ही? “हा राज्याच्या अधिकारावर घाला आहे” असे फलक त्याच चौकात घेऊन उभे राहिलो. कागद तेच, पोलीस तेच, फक्त मुंबईतली खुर्ची बदलली होती. पक्षवाल्यांचंही असंच चाललं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने सीबीआयला दिलेली सरसकट परवानगी काढून घेतली, २०२२ मध्ये शिंदे सरकारने ती परत दिली. त्यांना आम्ही नावं ठेवली, स्वतःच्या फलकांकडे पाहिलं नाही.

त्या वेळी आम्ही चुकलो ते बाजू घेण्यात नव्हे. १४ एप्रिल २०२० ला, जयंतीच्याच दिवशी, आनंद तेलतुंबडे यांना शरण जावं लागलं आणि जामिनावर बाहेर यायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. खटला उभा राहण्याआधीच माणसाची वर्षं तुरुंगात जातात, हे दार बंद असल्याचंच लक्षण आहे. मग किल्ली पुण्याच्या हातात असो की दिल्लीच्या. आम्ही हे बोलायला हवं होतं. त्याऐवजी सोपं म्हणून आम्ही ‘राज्याचे अधिकार’ बोलत बसलो. उद्या सत्ता फिरली आणि राज्यानेच माणसं आत टाकली, तर तो फलक आमच्याच अंगावर येणार.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक मताने सांगितलं की राज्यं अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करू शकतात. आम्ही विरोधात लिहिलं. राज्यांच्या हाती हे दिलं तर प्रत्येक मुख्यमंत्री आपल्या मतांच्या हिशेबाने जाती फोडेल, असं आम्ही म्हटलं, २१ ऑगस्टच्या बंदमध्ये उतरलो. ती भीती आजही खोटी वाटत नाही. पण पुढच्या वर्गाला मातंग समाजातली एक मुलगी आली होती. ती म्हणाली, “दादा, कोरेगावच्या वेळी तुम्ही राज्याच्या बाजूने होतात, आता संसदेच्या बाजूने. ते जाऊ द्या. आमच्या वस्तीतून नोकरीला किती लागले, हे तुम्ही कधी विचारलंत का? आमचं म्हणणं ऐकणारं दार कुठलं?”

या प्रश्नावर आम्ही तिला निकालातली कलमं ऐकवली. आज त्याची लाज वाटते. उपवर्गीकरणावर आमचं मत काहीही असो, ते मांडण्याआधी तिच्या वस्तीत जाऊन बसणं हे आमचं काम होतं. ज्याला ऐकून घेतलं जात नाही त्याच्यासाठी आपणच बंद दार ठरलो, तर ‘दिल्ली की मुंबई’ हा वाद म्हणजे निव्वळ पळवाट.

म्हणून त्या पोराला आता आम्ही असं उत्तर देऊ. केंद्र की राज्य, हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न, या भांडणात ज्याचा जीव टांगणीला आहे तो माणूस कोण, आणि त्याचं ऐकलं जातंय का? मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने १७९८ चा परकीय शत्रूंचा कायदा काढून व्हेनेझुएलाच्या लोकांना सुनावणीविना एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवलं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अशा माणसांना नोटीस आणि दाद मागायची संधी मिळायलाच हवी. सुनावणीच नाकारणाऱ्या केंद्राला एखादं शहर म्हणत असेल, “तुमच्या कामाला आमचे पोलीस मिळणार नाहीत”, तर आम्ही त्या शहराबरोबर. न्यायालयाने सांगूनही टेक्सास तारेचं कुंपण धरून बसत असेल, तर आम्ही टेक्सासच्या विरोधात.

दुसरा प्रश्न, राज्य फक्त हात आखडता घेतंय की दारात आडवं उभं राहतंय? मदत नाकारणं वेगळं आणि दुसऱ्याचा हक्क अडवणं वेगळं. उत्तरेतल्या राज्यांनी आपले तुरुंग नाकारले, फॉबस यांनी शाळेचं दार अडवलं. दोन्हींना ‘राज्याचा विरोध’ हेच नाव देणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो. आपल्या नावडत्या माणसाने हीच ढाल उचलली, तर आपण ती त्याला उचलू देऊ का? १९९७ च्या त्या शेरिफांचं बंदुकीचं राजकारण आम्हाला मान्य नाही. पण ज्या नियमाने आज स्थलांतरिताचं घर वाचतं, तो नियम त्यांनी मिळवला, हे मान्य करावंच लागेल. ढाल फक्त आपल्या लोकांसाठी हवी असेल, तर आपण संविधानवादी कसले? आपणही एक पक्षच.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा वर्ग घेतला. त्या पोराला आणि त्या मुलीला पुढे बसवलं आणि सांगितलं, आज तुम्ही बोला, आम्ही ऐकतो. दोन तास चालला वर्ग. सगळे प्रश्न सुटले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी मात्र वर्ग विहारात भरला नाही, तिच्या वस्तीतल्या समाजमंदिरात भरला.

जय भीम! जय संविधान!